मेल्यावर ज्युकबॉक्सशेजारी: बारवरची दोन कंट्री गाणी आणि चोरीचा संशय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकन कंट्री गायक जो डिफीचं ज्युकबॉक्सवालं गाणं कुणी शेअर केलं की खाली हमखास एक कमेंट येतेच, "हे ढापलेलं आहे, कोर्टात केस झाली होती". मग प्रश्न सुरू होतात. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून सगळे एका जागी घेतलेत, आधी सोपे, मग किचकट. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत लिहिलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. हे प्रकरण नेमकं काय आहे? थोडक्यात सांगा.

१९९३ मध्ये जो डिफीचं ‘प्रॉप मी अप बिसाइड द ज्युकबॉक्स (इफ आय डाय)’ आलं, ‘होंकी टोंक अ‍ॅटिट्यूड’ या अल्बममधलं, आणि बिलबोर्डच्या कंट्री चार्टवर तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं. लिहिणारे तिघं, रिक ब्लेलॉक, हॉवर्ड पर्ड्यू आणि केरी कर्ट फिलिप्स. एलिस नावाच्या एका गीतकाराचं आधीचं एक गाणं होतं, ‘ले मी आउट बाय द ज्युकबॉक्स व्हेन आय डाय’. त्याचं म्हणणं, माझं गाणं उचललं. केस कोर्टात गेली, निकाल डिफीच्या बाजूने लागला, एलिस अपिलात गेला आणि १९९९ मध्ये सहाव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे अमेरिकेतल्या केंद्रीय अपील कोर्टाचा विभाग) अपील कोर्टाने खालचा निकाल कायम ठेवला. कंट्री संगीताचं केंद्र असलेलं नॅशव्हिल शहर टेनेसी राज्यात, आणि टेनेसी या कोर्टाच्या हद्दीत, त्यामुळे कंट्री संगीताच्या भांडणात ‘एलिस विरुद्ध डिफी’ हे नाव आजही निघतं.

२. ज्युकबॉक्स, होंकी टोंक वगैरे काय आहे? आणि कंट्रीवाले सारखं बारवरच का लिहितात?

ज्युकबॉक्स म्हणजे नाणं टाकून गाणं निवडायचं मशीन, बारमध्ये किंवा डायनरमध्ये ठेवलेलं. होंकी टोंक म्हणजे साधा, गोंगाटाचा, नाचायला थोडी जागा असलेला बार, आणि तिथे वाजणाऱ्या संगीतालाही तेच नाव. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली, टेक्सास आणि आसपास असे बार भराभर उघडले, प्रत्येक ठिकाणी बँड परवडत नव्हता म्हणून ज्युकबॉक्स आला, आणि मग गाणी त्या मशीनसाठीच लिहिली जायला लागली. त्या काळचा कंट्री गायक अर्नेस्ट टबची गोष्ट सांगतात की ज्युकबॉक्स चालवणाऱ्यांनी तक्रार केली, संध्याकाळी बार भरला की तुझी गिटार ऐकूच येत नाही, म्हणून त्याने इलेक्ट्रिक गिटार घेतली. म्हणजे ज्या माणसासाठी गाणं लिहायचं तो बारमध्ये बसलाय, गाणं वाजतंय बारमध्ये, मग गाण्यात बार येणारच. पिढ्यान् पिढ्या हजारो लोकांनी त्याच स्टुलावर बसून लिहिलंय, हे डोक्यात ठेवलं की पुढची बरीच उत्तरं सोपी जातात.

३. दोन्ही गाण्यांत मरण, दोन्हीत ज्युकबॉक्स, दोन्हीत "मला तिथे ठेवा". मग ही सरळसरळ चोरी नाही का?

पहिल्यांदा नावं शेजारी शेजारी वाचली की असंच वाटतं, त्यात कुणाची चूक नाही. पण जरा थांबून दोन्ही नावांतली क्रियापदं बघा. एलिसच्या नावात आहे ‘ले मी आउट’, म्हणजे मयताला अंत्यदर्शनासाठी आडवं ठेवतात तसं. डिफीच्या गाण्यात आहे ‘प्रॉप मी अप’, म्हणजे टेकू देऊन उभं करा. आणि एकाचं "मेल्यावर", दुसऱ्याचं "मेलो तर". डिफीच्या गाण्यातली सगळी गंमत त्या उभं राहण्यात आहे, बुटांत वाळू भरा म्हणजे मी पडणार नाही, हातात कडक पेग द्या, स्वर्गात जायचंय पण आज रात्री नको. मढं बारमध्ये उभं आहे आणि पार्टी चालू आहे, असं ते चित्र आहे आणि त्याचा एकेक तपशील त्या उभं असण्यातून येतो.

म्हणजे सारखी आहे ती कल्पना, आणि नावातले ज्युकबॉक्स, मरण हे दोन शब्द. तेवढ्यावर चोरी ठरते का, त्याचं उत्तर प्रश्न ५ मध्ये. आणि नुसता सारखेपणा दाखवूनही भागत नाही, ते प्रश्न ७ मध्ये.

४. "मेल्यावर मला दारूजवळ ठेवा" ही आयडिया पहिली कुणाची?

यांच्यापैकी कुणाचीच नाही, आणि हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे.

‘ओल्ड रोझिन द बो’ नावाचं एक गाणं आहे, १८३८ मध्ये फिलाडेल्फियात छापलं गेलेलं. म्हातारा मस्तमौला बोलतोय, आयुष्यभर हिंडलो, आता निघायची वेळ झाली. आणि मग म्हणतो की मी मेलो आणि मला काउंटरवर आडवं ठेवलं की खालून एक आवाज येईल, पिंपभर व्हिस्की पाठवा. बघा, काउंटरवर आडवं ठेवलंय! ज्युकबॉक्स तेव्हा नव्हता एवढाच फरक. म्हणजे डिफीच्या दीडशे वर्षं आधी मयत बारच्या काउंटरवर पोचलेलं होतं. आयरिश गाण्यांत तर हा प्रकार भरपूर आहे, ‘फिनेगन्स वेक’मध्ये मयताच्या घरी भांडण जुंपतं, व्हिस्की अंगावर सांडते आणि मेलेला उठून बसतो. ‘जग ऑफ पंच’मध्ये माणूस सांगून ठेवतो की मी गेलो की डोक्याशी आणि पायाशी पंचचा जग ठेवा.

असली गाणी म्हणणारे आयर्लंड वगैरेकडचे लोक स्थलांतर करून अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात, म्हणजे अ‍ॅपलाचियात आले, त्यांची गाणी कंट्रीच्या मुळाशी गेली. आपल्याकडे जात्यावर बसलेली प्रत्येक बाई "पहिली माझी ओवी" म्हणून सुरुवात करायची, तो साचा सगळ्यांचा, पुढचं दुःख जिचं तिचं, तसंच हे. आणखी एक, या ‘ओल्ड रोझिन’ची चालसुद्धा लोकांनी सर्रास वापरली, १८६० मध्ये लिंकनच्या प्रचाराचं ‘लिंकन अँड लिबर्टी’ याच चालीवर आहे. दारुड्याच्या गाण्याच्या चालीवर राष्ट्राध्यक्षाचा प्रचार, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

५. कल्पनेवर कॉपीराइट नसतो असं म्हणतात. मग असतो तरी कशावर?

अमेरिकेच्या कायद्यातलं कलम १०२(ब) सांगतं की कल्पना, पद्धत, तत्त्व यांना संरक्षण नाही, ती मांडलीत कशी त्याला आहे. बायको सोडून गेली म्हणून बारमध्ये बसलेला माणूस, बारटेंडर मित्रासारखा, ग्लासात बघून रडणं, शेवटच्या ऑर्डरची घंटा, हे सगळं त्या विषयाबरोबर आपोआप येणारं सामान आहे, ते कुणा एकाचं नाही. कोर्ट आधी असलं सगळं बाजूला काढतं आणि उरलेल्यात सारखेपणा किती ते बघतं.

तुमचे शब्द, त्यांची रचना, तुम्ही बांधलेली चाल, घटनांचा विशिष्ट क्रम, हे मात्र तुमचं. दुसऱ्या कुणी आपल्या गाण्यात बुटात वाळू, हातात पेग आणि आज रात्री नको ही पूर्ण मांडणी त्याच क्रमाने घेतली असती तर भांडायला जागा होती.

मला हा नियम मनापासून पटतो. बारमध्ये एकटं बसण्यावर एकाच माणसाची मालकी झाली तर या संगीतात लिहायला काय उरेल?

६. नाव किंवा हुकची ओळ सेम असेल तर?

नाव आणि छोटी वाक्यं यांना अमेरिकेत कॉपीराइट मिळत नाही, कॉपीराइट ऑफिसचा तसा नियमच आहे. एकाच नावाची ढीगभर गाणी सापडतील.

हुक म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी, तोंडात बसणारी ओळ. तिचं थोडं वेगळं, कारण ती गाण्याचा जीव असते. यावर कंट्रीतलीच एक केस आहे. अ‍ॅरन टिपिनच्या एका गाण्याचा हुक होता, कशासाठी तरी ठाम उभे राहा नाहीतर कशालाही भुलाल अशा अर्थाचा, आणि जॉस्टन्स या अंगठ्या विकणाऱ्या कंपनीने तशीच ओळ जाहिरातीत वापरली. गाण्याच्या प्रकाशकाने केस केली. १९९८ मध्ये दुसऱ्या सर्किटच्या कोर्टाने सांगितलं की ही म्हण आधीपासूनच लोकांच्या तोंडी होती, गीतकाराने निर्माण केलेली नाही, त्यामुळे संरक्षण नाही. बारवरच्या गाण्यांत हुक बहुतेक वेळा अशाच चालू बोलण्यातून येतो, म्हणून निव्वळ हुकवर केस उभी करणं फार अवघड.

७. सगळे "अ‍ॅक्सेस, अ‍ॅक्सेस" म्हणतात. ते काय असतं?

या प्रकरणाचा खरा कणा हाच आहे, त्यामुळे इथे जरा वेळ घेतो.

कॉपी करताना कुणी कुणाला बघत नाही. साक्षीदार नसतो, कबुली नसते. म्हणून कोर्ट दोन गोष्टींवरून अंदाज बांधतं, एक म्हणजे समोरच्याला तुमचं गाणं ऐकायची खरीखुरी संधी होती का, हाच अ‍ॅक्सेस, आणि दुसरं, दोन गाणी पुरेशी सारखी आहेत का. दोन्ही असेल तर कॉपी झाली असं मानायला जागा होते, मग समोरचा दाखवू शकतो की आम्ही स्वतंत्रपणे लिहिलं. स्वतंत्रपणे लिहिलेलं असेल तर गाणी कितीही सारखी असोत, गुन्हा नाही. हे खूप जणांना माहीतच नसतं.

एलिसचं घोडं अडलं ते अ‍ॅक्सेसवर. ब्लेलॉक, पर्ड्यू, फिलिप्स यांच्यापर्यंत त्याचं गाणं पोचलं होतं हे त्याला सिद्ध करता आलं नाही. "नॅशव्हिल लहान आहे, कुणीतरी ऐकवलं असेल" असल्या तर्कावर कोर्ट जात नाही, टेप कुणाला दिली, कधी दिली, त्या माणसाचं लिहिणाऱ्याशी काय नातं, ही साखळी कडी कडी जोडून दाखवावी लागते. एखाद्या मोठ्या कंपनीच्या ऑफिसात टेप पडलेली होती एवढंही बहुतेक कोर्टांना पुरत नाही.

छोट्या गीतकाराला हे फार जड जातं, आणि मला त्याच्याबद्दल खरंच वाईट वाटतं. त्याच्याकडे वकील नाही, मॅनेजर नाही, पाठवलेल्या टेपची पोचसुद्धा नाही. चार्टवर गाजलेलं गाणं असेल तर "सगळ्यांनीच ऐकलंय" म्हणून अ‍ॅक्सेस सहज सिद्ध होतो, पण कुणीच न ऐकलेल्या गाण्याच्या मालकाला प्रत्येक पायरी स्वतः चढावी लागते. म्हणून प्रश्न १९ नीट वाचा.

८. अ‍ॅक्सेस नसेल तर केस संपलीच का?

नाही, एक बारीक वाट आहे. सारखेपणा इतका प्रचंड असला की योगायोग, स्वतंत्र निर्मिती किंवा दोघांनी एकाच तिसऱ्या ठिकाणाहून घेतलं असणं, यातलं काहीच शक्य वाटू नये, तर अ‍ॅक्सेस वेगळा दाखवावा लागत नाही. पण हा निकष फार कडक आहे. बारवरच्या दोन गाण्यांत, जिथे निम्मं सामान सगळ्यांचंच, तिथे हे दाखवणं जवळपास अशक्य. तिसऱ्या ठिकाणाहून घेतलं असणं ही शक्यता तर प्रश्न ४ वाचला की लगेच समोर येते.

९. एलिस हरला म्हणजे कॉपी झाली नव्हती हे नक्की ना?

कायद्याने, हो, डिफी आणि मंडळींवर ठपका नाही, आणि आपणही तो ठेवू नये. निकाल लागून इतकी वर्षं झाल्यावर "ढापलेलं गाणं" लिहीत राहणं हे त्या तीन गीतकारांवर अन्याय करणं आहे, उचलली जीभ लावली टाळ्याला.

पण याचा उलटा अर्थही काढू नका. हरला म्हणून एलिस खोटारडा ठरत नाही. स्वतःचं गाणं मनात इतकं घट्ट बसलेलं असतं की तसंच काही रेडिओवर ऐकलं की छातीत धस्स होतं, ते धस्स होणं खरं असतं. पुरावा आणि भावना दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढंच.

१०. डिफीने गाणं लिहिलंच नव्हतं, मग केसमध्ये त्याचं नाव कसं?

कारण कॉपीराइट फक्त लिहिण्याचा नसतो, रेकॉर्ड करणं, प्रती काढणं, विकणं, लोकांसमोर गाणं, हे सगळे हक्क मालकाचे. चोरीचं गाणं गाणारा, छापणारा, विकणारा सगळेच सापडतात, "मला माहीत नव्हतं" हा पूर्ण बचाव होत नाही. कंट्रीत गायक बऱ्याचदा दुसऱ्यांची गाणी गातो, तरी बोर्डावर नाव गायकाचंच लागतं आणि लोकांच्या शिव्या त्यालाच पडतात. डिफी २९ मार्च २०२० ला कोविडने गेला, तेव्हा अर्थातच लोकांना सगळ्यात आधी हेच ज्युकबॉक्सचं गाणं आठवलं.

११. शब्द वेगळे पण चाल तीच असेल तर? ‘होंकी टोंक एंजल्स’ची चाल तर उघडउघड तीच आहे!

हो, तीच आहे. १९५२ मध्ये हँक थॉम्प्सनचं ‘द वाइल्ड साइड ऑफ लाइफ’ आलं, पंधरा आठवडे कंट्री चार्टवर पहिलं. माणूस तक्रार करतोय की घर सोडून ती बारच्या झगमगाटाकडे गेली. त्याच वर्षी किटी वेल्सने उत्तर दिलं, ‘इट वॉझन्ट गॉड हू मेड होंकी टोंक एंजल्स’, जे. डी. मिलरने लिहिलेलं. गाण्याची सुरुवातच अशी की ती बसलीये, ज्युकबॉक्सवर ते वाइल्ड साइडचं गाणं वाजतंय, आणि ती म्हणते की बायका बिघडल्या त्यामागे बाहेर लफडी करणारे नवरे आहेत. चाल मुद्दाम तीच, कारण त्याच चालीत तोंडावर उत्तर द्यायचं होतं. एनबीसी या रेडिओ नेटवर्कने काही काळ ते लावायला नकार दिला, तरी ते सहा आठवडे पहिलं राहिलं आणि किटी वेल्स बिलबोर्डच्या कंट्री चार्टवर एकटीच्या नावावर पहिला नंबर मिळवणारी पहिली बाई ठरली. त्या रेकॉर्डिंगचे तिला १२५ डॉलर मिळाले होते.

पण थॉम्प्सनची चाल तरी कुठे नवी होती? तीच चाल रॉय अकफच्या १९३६ च्या ‘द ग्रेट स्पेकल्ड बर्ड’ या भक्तिगीताला आहे, आणि त्याच्याही आधी कार्टर फॅमिलीच्या १९२९ च्या ‘आयम थिंकिंग टुनाइट ऑफ माय ब्लू आइज’ला. प्रेमगीत, भजन, बारचं रडगाणं आणि बाईचा सणसणीत जबाब, चारही एकाच चालीवर! ही चाल पारंपरिक समजली जाते, आणि परंपरेतली चाल कुणीही घ्यावी, तिच्यावर मालकी नाही. मात्र एखाद्याने नव्याने बांधलेली चाल असती आणि फक्त शब्द बदलून घेतली असती तर सरळ उल्लंघन झालं असतं, उत्तर म्हणून गायलं तरी.

१२. ऐकलेलं विसरून गेलो आणि नकळत तसंच लिहिलं, तर?

तरीही अडकू शकता. हे सगळ्यांना कठोर वाटतं पण कायदा असाच आहे. १९७६ मध्ये जॉर्ज हॅरिसनच्या ‘माय स्वीट लॉर्ड’बद्दल कोर्टाने मान्य केलं की त्याने जाणूनबुजून केलं नाही, पण ‘हीज सो फाइन’ हे दुसऱ्यांचं आधीचं गाणं त्याने ऐकलेलं होतं आणि ते नकळत उतरलं, म्हणून उल्लंघन झालंच. हेतू वाईट होता की नाही याने नुकसानभरपाईचा आकडा बदलतो, दोष जात नाही.

१३. माणूस स्वतःचीच कॉपी करू शकतो का? असं कसं?

करू शकतो, कारण जुन्या गाण्याचे हक्क विकलेले असतात. रॉक गायक-गीतकार जॉन फोगर्टीवर त्याच्याच जुन्या रेकॉर्ड कंपनीने केस केली की तुझं ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ हे आमच्या मालकीच्या ‘रन थ्रू द जंगल’ची नक्कल आहे, आणि ‘जंगल’ लिहिणारा फोगर्टीच! त्याने कोर्टात गिटार वाजवून दाखवलं की माझी शैलीच अशी आहे. १९८८ मध्ये ज्युरीने त्याला सोडलं. पुढे १९९४ मध्ये वकिलांच्या खर्चावरून सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की खर्च देण्याच्या बाबतीत जिंकलेल्या प्रतिवादीलाही वादीसारख्याच मापाने मोजायचं. म्हणजे फुसकी केस करणाऱ्यावर समोरच्याचा खर्च पडू शकतो, हे केस करण्याआधी लक्षात घ्या.

१४. ‘फ्रेंड्स इन लो प्लेसेस’ मार्क चेस्नटनेही गायलंय. कुणी कुणाचं घेतलं?

कुणीच नाही. गाणं डुएन ब्लॅकवेल आणि अर्ल बड ली यांचं. गार्थ ब्रूक्सने आधी त्याचा डेमो (गाणं इतरांना ऐकवण्यासाठीचं नमुना रेकॉर्डिंग) गायला होता, मग १९९० मध्ये स्वतःच्या अल्बममध्ये घेतलं, त्याच वर्षी चेस्नटच्या अल्बममध्येही आलं. गीतकार गाणं अनेकांना पाठवतात, आणि एकदा ते रेकॉर्ड होऊन बाजारात आलं की ठरलेली रॉयल्टी भरून कुणीही पुन्हा गाऊ शकतो. क्रेडिटमध्ये गीतकाराचं नाव तेच असेल तर ते कव्हर आहे, चोरी नाही, शंका आली की पहिल्यांदा एवढंच तपासा. शेअर होणाऱ्या बऱ्याचशा "चोऱ्या" इथेच संपतात.

१५. ‘टेनेसी व्हिस्की’ ऐकताना एटा जेम्स का आठवते?

क्रिस स्टेपलटनच्या २०१५ च्या आवृत्तीबद्दल विचारताय ना, कारण डेव्हिड अ‍ॅलन कोने १९८१ मध्ये आणि जॉर्ज जोन्सने १९८३ मध्ये गायलेलं ऐकलं तर तशी आठवण होत नाही. स्टेपलटनने गाणं संथ, सोल ढंगात घेतलं, आणि एटा जेम्सच्या ‘आय वुड रादर गो ब्लाइंड’सारख्याच दोन कॉर्ड्सवर झुलत ठेवलं. दोन कॉर्ड्सचं आलटूनपालटून येणं, संथ लय, ढंग, ही सगळ्यांची सामायिक साधनं. गाण्याचे शब्द आणि चाल डीन डिलन आणि लिंडा हारग्रोव्हची आहे, क्रेडिटही त्यांनाच आहे. प्रभाव आणि चोरी यातली रेघ बघायला हे उत्तम उदाहरण.

लय आणि वातावरणावरून केस होतच नाही असं मात्र समजू नका. ‘ब्लर्ड लाइन्स’ हे पॉप गाणं सोल गायक मार्विन गेच्या गाण्यावरून उचललं अशी केस झाली, निकालात गेच्या कुटुंबाला मोठी रक्कम मिळाली आणि तेव्हापासून गीतकार धास्तावलेले आहेत. माझ्या मते तो निकाल चुकीच्या दिशेने गेला.

१६. तो सहा गाण्यांचा मॅशअप पाहिला का? सगळी एकसारखी! मग सगळे चोर?

ग्रेगरी टॉड नावाच्या नॅशव्हिलच्याच गीतकाराने ल्यूक ब्रायन, ब्लेक शेल्टन, फ्लोरिडा जॉर्जिया लाइन वगैरेंची सहा हिट गाणी एकावर एक ठेवली आणि ती चपखल बसली, २०१५ च्या सुरुवातीला ते खूप फिरलं. पण त्यातून दिसतं ते असं की त्या काळात सगळे एकाच साच्यात लिहीत होते, तीच लय, तोच ट्रक, तीच शुक्रवारची रात्र. साचेबद्ध लिहिणं आळशीपणा म्हणा, रेडिओची सक्ती म्हणा, मला स्वतःला त्यातली निम्मी गाणी पुन्हा ऐकावीशी वाटत नाहीत. पण कायद्याने तो गुन्हा नाही, कारण प्रश्न ५.

१७. गाणं १९७८ च्या आधीचं असेल तर काही फरक?

मोठा फरक पडू शकतो. अमेरिकेचा नवा कायदा १९७८ पासून लागू झाला. त्याआधीच्या अप्रकाशित गाण्यांसाठी नोंदणीच्या वेळी ऑफिसात जमा केलेला कागद, म्हणजे स्वरलिपी आणि शब्द, हीच संरक्षणाची हद्द धरतात. रेकॉर्डवर वाजलेली पण कागदावर नसलेली गिटारची जागा त्यात येत नाही. लेड झेपलिनच्या ‘स्टेअरवे टु हेवन’च्या केसमध्ये २०२० मध्ये नवव्या सर्किटने हेच धरलं, ज्युरीला मूळ रेकॉर्ड तुलनेसाठी ऐकवलंच नाही. म्हणून जुन्या होंकी टोंक गाण्यांबद्दल "दोन्ही रेकॉर्ड लावून बघा" हा युक्तिवाद कोर्टात चालेलच असं नाही.

१८. स्वतःला रजिस्टर पोस्टाने गाण्याची प्रत पाठवून पाकीट बंद ठेवलं की झालं ना?

नाही. हा सल्ला अजून फिरतोय आणि त्याने माणसं फसतात. गाणं लिहिलं किंवा रेकॉर्ड केलं त्या क्षणी कॉपीराइट तुमचा होतो, पाकिटाने त्यात काही भर पडत नाही, आणि नोंदणीची जागा ते घेऊ शकत नाही. अमेरिकन गाण्यावर तिथल्या कोर्टात दावा लावायचा तर आधी कॉपीराइट ऑफिसची नोंदणी झालेली लागते, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की नुसता अर्ज करून भागत नाही. आणि नोंदणी वेळेत, म्हणजे साधारणपणे उल्लंघन सुरू व्हायच्या आधी केली असेल तरच कायद्यात ठरलेली भरपाई मागता येते, उचललेल्या प्रत्येक गाण्यामागे ७५० ते ३०,००० डॉलर, मुद्दाम केलं असेल तर १,५०,००० पर्यंत. नाहीतर प्रत्यक्ष नुकसान किती आणि त्यांचा नफा किती ते आकड्यांनी सिद्ध करत बसावं लागतं. दाव्याची मुदत तीन वर्षं.

१९. मी नॅशव्हिलला डेमो पाठवला, न उघडता परत आला. अपमान वाटला. असं का करतात?

अपमान नाहीये तो. न मागवलेलं गाणं ऐकलं की उद्या त्यांच्यावर अ‍ॅक्सेसचा आरोप येऊ शकतो (प्रश्न ७), म्हणून कंपन्या आणि प्रकाशक ते ऐकतच नाहीत. ही भीती अशाच केसेसमधून आली, आणि त्यात नव्या लोकांसाठी दार बंद झालं हे खरंच दुर्दैव आहे.

तुमच्या बाजूने करायचं ते असं की जे काही कराल त्याचा माग ठेवा. कुणाला पाठवलं, कुठल्या तारखेला, उत्तर काय आलं, हे ईमेलवरच राहू द्या. फोनमधली पहिली व्हॉइस नोट, खाडाखोड केलेलं कागदाचं पान, मधले कच्चे खर्डे, काहीही उडवू नका. उद्या तुमच्यावरच कुणी आरोप केला तरी हेच खर्डे दाखवतील की गाणं तुमच्या हातून पायरी पायरीने घडलं. कॅफेमधल्या रायटर्स नाइटला (गीतकार आपली गाणी स्वतः गातात त्या कार्यक्रमाला) गायलात तर कार्यक्रमाची यादी, पोस्टरचा फोटो ठेवा. आणि दोघांनी मिळून लिहिलं असेल तर वाटा किती कुणाचा ते त्याच दिवशी लिहून घ्या, मैत्री कितीही घट्ट असो.

२०. आपल्याकडे भारतात हेच झालं असतं तर?

तत्त्व तेच. १९७८ च्या आर. जी. आनंद निकालात आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कल्पना, विषय, कथाबीज यांवर कॉपीराइट नाही, मांडणीवर आहे. संगीतातलं गाजलेलं उदाहरण मुंबई हायकोर्टातलं, २००८ मध्ये राम संपतने ‘क्रेझी ४’ या सिनेमाच्या गाण्यांवर दावा लावला की माझ्या जाहिरातीच्या जिंगलमधली धून घेतलीये, आणि कोर्टाने प्रथमदर्शनी त्याची बाजू धरून मनाई दिली. सामान्य रसिकाला दोन्ही ऐकून तीच धून आठवते का, हा विचार त्यात महत्त्वाचा होता.

दोन ठिकाणी फरक आहे. भारतात दावा लावायला नोंदणी सक्तीची नाही, मुंबई हायकोर्टाने २०२१ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. आणि कव्हरसाठी २०१२ च्या दुरुस्तीनंतर मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं होईपर्यंत थांबावं लागतं, आगाऊ रॉयल्टीही भरावी लागते.

कोळीगीतं, लोकगीतं याबद्दल बरेच जण विचारतात. पारंपरिक चाल कुणीही घ्यावी, पण एखाद्या संगीतकाराने त्यावर स्वतः बांधलेला अंतरा किंवा कंपनीचं रेकॉर्डिंग उचलायचं नाही. मूळ परंपरेतलं किती आणि भर घातलेली किती, हे आधी जुन्या जाणत्या गायकांना विचारा.

२१. माझं बारवरचं गाणं कुणीतरी उचललंय असा मला दाट संशय आहे. आता काय करू?

पहिलं म्हणजे कुठेही पोस्ट टाकू नका, समोरच्याला मेसेजही करू नका, बदनामीचा उलटा दावा यायला वेळ लागत नाही. दोन्ही गाण्यांचे शब्द कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि जे कुठल्याही बारच्या गाण्यात येतं ते सगळं खोडा, दारू, ज्युकबॉक्स, गेलेली प्रेयसी, बारटेंडर, सगळं. उरलं काय ते बघा. मग चाल, चालीतल्या सुरांचा क्रम, कॉर्ड्स नव्हे. मग तारखा, तुमची आधीची आहे का. मग तुमचं गाणं त्या माणसांपर्यंत कसं पोचलं त्याची खरी साखळी मांडा, नावं आणि तारखांसकट, "असेल" हा शब्द न वापरता.

एवढं करून कागदावर काही ठोस उरत असेल तर कॉपीराइटचंच काम करणाऱ्या वकिलाकडे जा, सोबत प्रश्न १९ मधले खर्डे न्या. अमेरिकेतलं छोटं प्रकरण असेल तर २०२२ पासून कॉपीराइट क्लेम्स बोर्ड आहे, तिथे ३०,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवायही चालवता येतो, फक्त समोरच्याला त्यातून बाहेर पडायची मुभा असते. आणि वकिलाने सांगितलं की यात काही दम नाही, तर दुसऱ्या एका वकिलाचं मत घ्या, पण तिसऱ्याकडे जाण्यापेक्षा तो वेळ पुढच्या गाण्याला द्या.